मंडळानं समुपदेशन करू नये

आपल्या मंडळात कोणाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू होतात. मऊ खिचडी कोणाची, सूप कोणाचं, यावर व्हॉट्सॲपवर चढाओढ लागते. कोणी गेलं तर भटजी शोधण्यापासून पार्थिव भारतात पाठवण्याच्या कागदपत्रांपर्यंत सगळं होतं. पण एखादा माणूस महिनोन् महिने झोपलेला नाही, रजा टाकून घरी बसलाय, असं कानावर आलं की तीच मंडळी म्हणतात, "त्यांचं काहीतरी घरगुती असेल, आपण कशाला मध्ये पडा?" मग डबाही जात नाही आणि फोनही.

यावरचा आपला ठरलेला उतारा म्हणजे १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, आसपास एक व्याख्यान. झूमवर डॉक्टर बोलतात आणि प्रश्नोत्तरांत सगळ्यांच्या 'एका मित्राला' त्रास होत असतो. आता त्यापुढची सूचना आली आहे, की मंडळातल्याच जाणकारांनी सभासदांचं समुपदेशन करावं. हेतू चांगला आहे, पण माझा या सूचनेला विरोध आहे.

कारण साधं आहे. इंग्लंडमधल्या आपल्या गावात मराठी घरं किती? ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं तोच रविवारी मराठी शाळेच्या दारात भेटणार, त्याची बायको आपल्या भिशीत असणार. तो एक शब्द बाहेर बोलला नाही तरी सांगणाऱ्याला धाकधूक राहणारच.

शिवाय उपचाराची सोय इथे आहे. 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' ही सेवा २००८पासून, आधी दुसऱ्या नावानं, चालू आहे. इंग्लंडमध्ये जीपीकडे नोंदणी असलेल्या प्रौढाला तिथे स्वतःच अर्ज करता येतो, जीपीची चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. थांबावं लागतं, हे खरं. वर्क व्हिसावरचा माणूस सहसा वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य सरचार्ज भरतो, म्हणजे फुकट तरी काय घेतोय! आणि ऑफिसात कळेल ही भीती बाळगू नका. तुमच्या संमतीशिवाय थेरपिस्ट मालकाला काही कळवत नाही.

तरीही आपली माणसं तिथवर का पोचत नाहीत, ते बाळंतिणीच्या खोलीत दिसतं. हेल्थ व्हिजिटर येते. बाळाचं वजन होतं, मग आईची विचारपूस. कधी एडिंबरा प्रश्नावलीही पुढे येते: गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, याचे दहा प्रश्न. मुलगी नुकतीच भारतातून आलेली, इंग्रजी बोलायला बिचकते, म्हणून नवरा दुभाषा होतो. शेजारी सासूबाई डिंकाचा लाडू घेऊन उभ्या. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो नवरा भाषांतरित करतो की गाळतो, देव जाणे. ती मान हलवते आणि कागदावर सगळं आलबेल. खरं तर दुभाषा मागायचा हक्क तिला आहे, तोही मोफत, आणि घरच्यांनी ते काम करू नये असाच एनएचएसचा सल्ला आहे. हे तिला कोणी सांगायचं? मंडळानं. तेवढंच, पण ते नेटानं.

मंडळाचं दुसरं काम सोबतीचं. बाळंतपणासाठी सहा महिने आलेल्या आईवडिलांचं डिसेंबरात काय होतं ते पाहा. चारला अंधार, मुलं कामावर, बसचा मार्ग ठाऊक नाही, आणि प्रवासविम्यात मनाच्या दुखण्याला बहुधा जागा नसते. त्यांना थेरपीपेक्षा मंगळवारी दुपारी कोणीतरी घरून घेऊन जाणं, चहा, पत्त्यांचा डाव, पुन्हा सोडणं, इतकंच हवं असतं. ते करायला पदवी लागत नाही, गाडी लागते.

"मंडळ गणपतीसाठी आहे, हे आपलं काम नव्हे," असं ज्येष्ठ सभासद म्हणतात. मला ते पटत नाही. कॅल्गरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' (२००४) हा चित्रपट त्याच खटपटीतून आला. रुग्णांचे आणि सांभाळणाऱ्यांचे स्वमदत गट हा त्या संस्थेचा कणा आहे. परदेशातल्या मराठी माणसानं हे काम गावाकडे नेलं. आपल्याला तर ते राहत्या गावातच करायचं आहे.

म्हणून वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. व्याख्यान रद्द करून त्याचे पैसे मंगळवारच्या दुपारसाठी हॉलच्या भाड्याला द्यावेत. नव्या बाळंतिणीला दुभाषाच्या हक्काचं मराठी पत्रक, शक्यतो ती एकटी असताना, एका बाईनंच द्यावं. प्रत्येक अंकाच्या मागच्या पानावर तीन नंबर छापावेत: मनाची अवस्था हाताबाहेर जात असेल तर १११ लावून २ दाबा, नुसतं कोणीतरी ऐकायला हवं असेल तर समॅरिटन्स, ११६ १२३, रात्री-अपरात्रीही, मोफत. जिवाला धोका असेल तर ९९९. ठरावाला अनुमोदक अजून मिळालेला नाही. तयारी असेल त्यांनी सभेआधी मला कळवावं.