टोस्टर बिघडला तर परत मागवतात, बंदूक बिघडली तर? अमेरिकेतल्या फसलेल्या खरेदीची गोष्ट

अमेरिकेत एखादा टोस्टर आपोआप पेट घेत असेल, तर तिथलं एक सरकारी खातं कंपनीच्या मागे लागतं आणि विकलेला माल बाजारातून परत घ्यायला भाग पाडू शकतं. पाळणा असो, हेअर ड्रायर असो की लहान मुलांचं खेळणं, सगळ्यांना हाच नियम. पण चाप न ओढताच एखादी बंदूक सुटते अशी तक्रार आली, तर हे खातं काहीही करू शकत नाही. कायद्यानंच त्याचे हात बांधून ठेवलेत.

बंदुका, काडतुसं आणि घरी काडतुसं भरायची यंत्रं हा अमेरिकेत अब्जावधी डॉलरचा बाजार आहे. २०२० नंतर लाखो नवे लोक या बाजारात आले. त्यातल्या अनेकांची खरेदी फसली. कुणाचं पैशाचं गणित चुकलं, कुणाला माल मिळाला नाही, तर कुणाच्या हातात सदोष वस्तू आली.

हे सगळं नेमकं कसं झालं, आणि आपण त्यातून काय समजून घ्यायचं? सोप्या भाषेत बघूया.

आधी 'रिलोडिंग' म्हणजे काय?

काडतुसाचे ४ भाग असतात. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा छोटासा प्रायमर, आत भरलेली दारू आणि पुढे बसवलेली बुलेट. गोळी झाडली की प्रायमर आणि दारू संपते, बुलेट निघून जाते. पुंगळी मात्र मागे उरते.

या चार भागांत बऱ्याचदा सगळ्यात महाग असते ती ही पुंगळीच. म्हणून अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी रिकाम्या पुंगळ्या गोळा करतात, साफ करतात आणि घरच्या यंत्रावर त्यात नवा प्रायमर, दारू आणि बुलेट बसवतात. याला म्हणतात रिलोडिंग. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही. गॅरेजमध्ये टेबल टाकून लोक हे काम करतात.

छंद म्हणून हे जुनंच आहे. पण २०२० मध्ये या छंदाकडे लोक 'बचतीचा मार्ग' म्हणून धावले.

२०२० मध्ये असं काय घडलं?

कोरोना, लॉकडाऊन, रस्त्यावरची आंदोलनं आणि अध्यक्षपदाची निवडणूक, सगळं एकाच वर्षी आलं. घाबरलेल्या लोकांनी बंदुका घेतल्या. बंदूक उद्योगाच्या एनएसएसएफ या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी विक्रीसाठीच्या पार्श्वभूमी तपासण्या २ कोटी १० लाखांच्या घरात गेल्या, आणि ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली.

बंदूक आली की गोळ्या लागणारच. दुकानांतली फळकुटं रिकामी झाली. महामारीच्या आधी ९ एमएमची एक गोळी साधारण २० सेंटला मिळायची, ती अनेक ठिकाणी ७० सेंट आणि त्याहून वर गेली. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीवरही अमेरिकेनं निर्बंध घातले. ही काडतुसं सरावासाठी सगळ्यात स्वस्त मानली जायची.

मग अनेकांनी विचार केला, विकत मिळत नाही ना, तर घरीच भरूया!

मग गणित कुठे चुकलं?

एक साधं उदाहरण घ्या. समजा, तुम्ही यंत्र, साचे, वजनकाटा, मोजपट्टी आणि पुंगळ्या साफ करायचं उपकरण मिळून ६०० डॉलर खर्च केले. समजा, घरी भरलेल्या एका गोळीमागे तुमचे ८ सेंट वाचतात. तर नुसते यंत्राचे पैसे वसूल व्हायला ७,५०० गोळ्या भराव्या लागतील. तुमच्या वेळेची किंमत यात धरलेलीच नाही.

महिन्याला १०० गोळ्या झाडणाऱ्या माणसाला याला ६ वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे जो भरपूर सराव करतो किंवा महागडी, दुर्मीळ काडतुसं वापरतो, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा. बाकीच्यांसाठी तो छंद आहे, बचत नाही. टंचाईत गोळी ७० सेंटला मिळत असताना हिशेब छान दिसत होता. बाजार शांत झाला, गोळी पुन्हा २५ सेंटच्या आसपास आली आणि टेबलावरचं यंत्र धूळ खात पडलं.

त्यात लपलेले खर्च वेगळेच. प्रायमर आणि दारू हा धोकादायक माल असल्यानं कुरिअरनं मागवताना वेगळं शुल्क लागतं. थोडाच माल मागवला तर कधीकधी हे शुल्कच डोईजड होतं. बहुतेक दुकानं असा माल एकदा विकला की परत घेत नाहीत.

आणि स्वस्तातली उपकरणं? इथे 'थोडं कमी-जास्त झालं तर काय बिघडलं' असं चालत नाही. पिस्तुलाच्या एका गोळीत दारू असते जेमतेम ०.३ ते ०.४ ग्रॅम. स्वस्तातला डिजिटल काटा तापमान बदललं किंवा बॅटरी उतरली की भरकटू शकतो. दारू कमी पडली तर बुलेट नळीतच अडकू शकते. चुकून दुप्पट पडली तर बंदूक हातात फुटू शकते. मिक्सर नीट चालला नाही तर चटणी जाडसर राहते, इथे बोटं जातात.

आणखी एक मेख आहे. अनेक बंदूक कंपन्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवतात की, घरी भरलेली काडतुसं वापरली तर वॉरंटी लागू राहणार नाही. म्हणजे ४ पैसे वाचवायला गेलात तर हजार डॉलरच्या बंदुकीची हमी गेली.

यंत्र आलं, पण माल कुठाय?

सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे झाला. पुंगळी परत वापरता येते, बुलेट घरी ओतताही येते, पण प्रायमर बनवणं हे कारखान्याचंच काम.

आणि अमेरिकेत प्रायमरचे मोठे ब्रँड जेमतेम ४ आहेत. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि तिचा आर्कान्सामधला काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीनं ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीच व्हिस्टाकडे होत्या. म्हणजे ४ पैकी ३ ब्रँड एकाच मालकाकडे!

हे कारखाने आधी स्वतःच्या तयार काडतुसांना प्रायमर पुरवणार, उरले तर सुटे विकणार, हे उघड आहे. महामारीच्या आधी सुमारे ३ सेंटला मिळणारा प्रायमर हातोहात विक्रीत १० सेंट आणि त्याच्याही वर गेला. 'स्टॉक उपलब्ध' म्हणत पैसे घेऊन गायब होणाऱ्या बनावट वेबसाइट्सनीही हात धुऊन घेतले.

प्रायमरची अडचण सुटत आली तोवर दारूची सुरू झाली. युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली. तोफगोळ्याला आणि शिकारीच्या काडतुसाला लागणाऱ्या दारूचा मूळ कच्चा माल एकच, नायट्रोसेल्युलोज. तो बनतो मुख्यतः कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंपासून. २०२३ च्या शेवटी व्हिस्टानं जागतिक टंचाईचं कारण देत दारूचे दर वाढवत असल्याचं ग्राहकांना कळवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा हा सगळा काडतूस व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या युरोपीय शस्त्र कंपनीनं घेतला.

थोडक्यात, 'घरी भरलं की आपण बाजारावर अवलंबून नाही' हा समज होता. प्रत्यक्षात ग्राहक तयार गोळी विकणाऱ्या कंपनीच्या दारातून निघून त्याच कंपनीच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिला.

वस्तूच सदोष निघाली तर तक्रार कुणाकडे?

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत १९७२ मध्ये ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यासाठी एक आयोग नेमला गेला. हजारो वस्तू या आयोगाच्या कक्षेत आल्या. पण ज्या वस्तूंवर शस्त्रांचा विशेष अबकारी कर लागतो त्या वगळल्या गेल्या. म्हणजे पिस्तुलं, बंदुका आणि काडतुसं बाहेर. ही सूट मिळवून देण्यात मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल यांचा मोठा वाटा होता, असं मानलं जातं. ते नॅशनल रायफल असोसिएशनच्या संचालक मंडळावरही होते. १९७६ मध्ये दुरुस्ती करून आयोगाचे हात आणखी बांधले गेले.

यातून तयार झालेली विसंगती बघा. छर्रे उडवणारी एअरगन या करात येत नाही, म्हणून ती आयोगाच्या कक्षेत येते. २००१ मध्ये आयोगानं डेझी कंपनीच्या सुमारे ७५ लाख एअरगन सदोष असल्याचा आरोप करत खटला भरला होता. २००३ मध्ये तो तडजोडीनं मिटला आणि कंपनीला सुरक्षेच्या प्रचारावर पैसे खर्च करावे लागले. छर्ऱ्याच्या बंदुकीवर खटला भरता येतो, खऱ्या बंदुकीवर नाही!

मग लोक काय करतात?

कोर्टात जातात. २००५ च्या कायद्यानं गुन्हेगारानं बंदूक वापरली तर कंपनीवर दावा ठोकायला बरीच आडकाठी केली आहे, पण वस्तूच सदोष असेल तर दावा करता येतो. फक्त त्याला वर्षं लागतात.

रेमिंग्टनची 'मॉडेल ७००' ही रायफल १९६२ मध्ये आली. चाप न ओढता ती सुटते अशा तक्रारी कित्येक दशकं होत्या. कंपनीनं दोष कायम नाकारला. शेवटी सुमारे ७५ लाख बंदुकांचे ट्रिगर बदलून देण्याच्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये. तोवर ५० वर्षं उलटून गेली होती आणि दावा करायला पुढे आलेले मालक एकूण संख्येच्या तुलनेत फारच थोडे होते.

टॉरस कंपनीनं २०१५ मध्ये ९ मॉडेलच्या जवळपास १० लाख पिस्तुलांबाबत तडजोड केली. आणि अलीकडे गाजतंय ते सिग सॉअरचं पी-३२० पिस्तूल. खाली पडल्यावर ते सुटू शकतं हे समोर आल्यावर २०१७ मध्ये कंपनीनं 'ऐच्छिक सुधारणा' देऊ केली. त्यानंतरही ते आपोआप सुटतं असा आरोप करणारे अनेक दावे दाखल झाले. २०२४ मध्ये जॉर्जियात आणि फिलाडेल्फियात ज्युरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले, फिलाडेल्फियातली भरपाई १ कोटी १० लाख डॉलरची. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल सुटत नाही, यावर कंपनी ठाम आहे.

खरं कोण आणि खोटं कोण, हे आपण इथे ठरवू शकत नाही. पण हे ठरवायला एक तटस्थ सरकारी प्रयोगशाळा, एक अहवाल आणि एक आदेश पुरला असता. तो मार्गच नाही. म्हणून प्रत्येक जखमी माणूस वेगळ्या कोर्टात, वेगळ्या ज्युरीसमोर तेच सिद्ध करत बसतो.

याच्याशी आपला काय संबंध?

पहिली गोष्ट, रील बघून भारतात रिलोडिंगचं यंत्र मागवायच्या भानगडीत पडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट, साधनांचा प्रश्न आपल्या खेळाडूंच्याही पाचवीला पुजलेला आहे. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत ऐन वेळी बिघडलं. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि अंतिम फेरी अवघ्या २ गुणांनी हुकली. पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या सुरुवातीच्या काळात गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढलं होतं. ज्याला एकेक गोळी मोजून झाडावी लागते, त्याला खराब खोका परवडत नाही.

तिसरी गोष्ट, आपल्याकडच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'वस्तू' म्हणजे प्रत्येक प्रकारची जंगम मालमत्ता. धोकादायक माल परत मागवायचा आदेश द्यायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण दार उघडं आहे. तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइनही आहे.

अमेरिकेत मात्र १९७२ मध्ये बंद केलेलं ते दार अजून बंदच आहे. ते उघडण्याचे प्रस्ताव तिथल्या संसदेत अधूनमधून येतात, पण पुढे सरकत नाहीत. खरेदी फसल्यावर वाईट वाटणं वेगळं आणि दाद मागायला जागाच नसणं वेगळं. टोस्टर घेणाऱ्या अमेरिकन माणसाला ही जागा आहे. जीवघेणी वस्तू घेणाऱ्याला नाही.