भाडेकरूचं आडनाव

यंदा इथे अमेरिकेत कोजागिरीला मसाला दूध अजून आटत होतं, तेवढ्यात विषय निघाला पुण्यातल्या रिकाम्या फ्लॅटांचा. आपल्यातल्या कितीतरी जणांचं एखादं घर तिकडे कुलुपात पडून आहे. आमचं नुकतंच भाड्याने दिलं असं मी म्हटलं, तर पहिला प्रश्न आला, "कोणाला?" मी म्हटलं, "दोन नर्सना." लगेच दुसरा, "आपल्यातल्याच ना?" चार माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि एकालाही त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नव्हतं. मी पेला ठेवून उठले. तेव्हा गप्प बसले, म्हणून इथे लिहिते.

प्रश्न इतका लागला, कारण मार्चमध्ये तो मीच विचारला होता.

घर कर्वेनगरचं. आई गेल्यावर दोन वर्षं बंद होतं. मामेभाऊ महिन्यातून एकदा जायचा, खिडक्या उघडायचा, नळ सोडून यायचा. शेवटी तोच म्हणाला, ताई, भिंतींना ओल धरलीय, घरात माणसं हवीत. त्याला मुखत्यारपत्र करून दिलं, एजंट गाठला. एजंटचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते, फोन स्पीकरवर. "मॅडम, एक पार्टी आहे. दोघी नोकरीला, अनामत द्यायला तयार." आणि माझ्या तोंडून निघालं, "आडनाव काय?"

लेक शेजारी गृहपाठ करत बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आई, आडनावावरून भाडं कमीजास्त होतं का?"

तिला खरंच वाटलं होतं की यामागे काही हिशोब असणार. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण दोन दिवसांनी एजंटच बोलता बोलता म्हणाला, "आधी एक डॉक्टर जोडपं आलं होतं. शेख होते. तुम्हाला चालणार नाहीत म्हणून मीच परस्पर नाही सांगून टाकलं." मला न विचारता. त्या दोघांच्या लेखी मात्र नकार घरमालकिणीने दिला, म्हणजे मी दिला. त्याला मी उलटून काही बोलले नाही, कारण माझ्या पहिल्या प्रश्नावरून त्याने माझी परीक्षा बरोबर केली होती.

आता आपलं आठवा. आम्ही 1999 साली एडिसनला आलो तेव्हा क्रेडिट हिस्टरी शून्य, ओळखीचं माणूस नाही. घरमालकीण पोलिश आजीबाई. तिने नोकरीचं पत्र पाहिलं आणि दीड महिन्याचं डिपॉझिट घेतलं, न्यू जर्सीत कायद्याने त्याहून जास्त घेताच येत नाही. पहिल्याच रविवारी आम्ही सुके बोंबील भाजले. ती वर आली. आम्ही दोघं दारात थिजून उभे. तिने फक्त शेगडीवरचा पंखा कसा लावायचा ते दाखवलं आणि खाली गेली. आणि माझी आई ज्या ओट्यावर दर बुधवारी सुरमई तळायची, त्याच घरासाठी एजंट मला विचारत होता, "व्हेज ओन्ली टाकू ना जाहिरातीत?"

ती आजीबाई भली होतीच, पण तिच्या भलेपणावर आपल्याला अवलंबून राहावं लागलं नाही. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, इथे फेअर हाउसिंग कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश बघून घर नाकारायचं नाही. आपण सगळे त्या कायद्याच्या छपराखाली आलो. तो दुसऱ्यांनी लढून मिळवला होता.

मुलांना आपण कोलंबिया विद्यापीठात नेतो, डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 इथे शिकले असं अभिमानाने सांगतो. पुढचं सांगतो का? 1917 साली तेच बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, जात कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मित्रांनीही घरात घेतलं नाही. न्यूयॉर्कहून शिकून आलेला माणूस एका बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला. त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि मी एडिसनच्या स्वयंपाकघरातून विचारते, आडनाव काय?

आणखी एक. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भावाला सांगितलं, लग्न न झालेल्या मुली नकोत, रात्री-अपरात्री येतात. अहो, नर्स रात्रपाळीहून येणारच! ते नगर महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या नावाचं आहे. अण्णांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. त्याच अण्णांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवा मुलींना आसरा दिला. त्या माळावर आपल्या सोसायट्या उभ्या आहेत. भावाने सेक्रेटरींकडे तसा ठराव मागितला. ठराव नव्हताच.

लोक म्हणतात, पण भाडेकरू उठला नाही तर? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सदाशिव पेठेत आजोबांच्या वाड्याचं भाडं घरपट्टीलाही पुरत नव्हतं. पण भाडं गोठवणारा तो 1947 चा भाडे कायदा आता नाही. 1999 च्या कायद्याखाली लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलात आणि मुदत संपूनही माणूस बसून राहिला, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. राखण करतो तो नोंदवलेला करार. आडनावाने कधी कोणाचं घर राखलंय?

परदेशस्थ मालकाच्या भाड्यातून भाडेकरूने 31.2 टक्के कर कापून भरायचा, त्यासाठी टॅन काढायचा, हा जाच वेगळाच आहे. त्यापायी चांगले भाडेकरू पळतात. त्यावर कोणी जाणकाराने पुढच्या अंकात जरूर लिहावं. सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त बिगर-वहिवाट शुल्क मागत असेल तर देऊ नका, एवढंच आज सांगते.

फार उपदेश झाला, ठाऊक आहे. कोजागिरीला ज्यांनी विचारलं ते माझ्या अडीअडचणीला धावून आलेले लोक आहेत. आई गेली तेव्हा तेरा दिवस त्यांच्याच घरून डबा येत होता. त्यांना दुखवायचं नाही, दुखावले असतील तर माफी मागते. पण प्रश्न मागे घेतला जावा असं मात्र मला मनापासून वाटतं.

त्या डॉक्टर जोडप्याचा नंबर मी एजंटकडे मागितला. त्याच्याकडे राहिला नव्हता. आमचा अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीअखेर संपतो. मुली राहिल्या तर आनंदच. नाहीतर एजंटला आत्ताच लिहून कळवलंय, नोकरी विचारा, अनामत सांगा, ओट्याची फरशी सांभाळायला सांगा. नाव मला कराराच्या कागदावर कळलं तरी चालेल.