वायू मोजणाऱ्या पेट्या साध्या शेतात बसवा



जमिनीतून निघणारे वायू आपोआप मोजणारा पेट्यांचा संच आपल्या कार्यक्षेत्रात बसवावा, असा विचार सध्या चालू आहे. "हवा मोजून टनेज वाढतं का?" असं गटसभेत एका सभासदांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. नुसती हवा मोजून टनेज वाढत नाही.

संचाचं काम सोपं आहे. जमिनीत कडी आधीच रोवून ठेवायची. तिच्यावर पेटीचं झाकण ठराविक वेळाने आपोआप बसतं, काही मिनिटांनी उघडतं. तेवढ्या वेळात आत वायू किती वेगाने वाढला, त्यावरून जमिनीतून किती निघतो ते काढतात. पेट्या अनेक, पण तपासणारं यंत्र एकच. नळ्यांतून एकेका पेटीची हवा त्याच्याकडे पाळीने जाते, आपल्या पाटपाण्यासारखी.

आपल्याला मुख्यतः मोजायचा तो नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमान वाढवतो. बांधणीला युरिया टाकून वर तुडुंब पाणी दिलं, की मातीतली हवा कोंडते आणि जिवाणू नत्राचा हा वायू करतात. उसळी येते ती काही दिवसांची. आठवड्यातून एकदा सिरिंजने नमुना घेणाऱ्याच्या हाती ती बहुधा लागतच नाही. पेटी रात्रीही मोजते.

आता पैशाचं बोलू. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस. जागतिक हिशेबात ढोबळमानाने त्यातला 1 टक्का या वायूतून जातो असं धरतात, म्हणजे अडीच किलो नत्र, साडेपाच किलो युरिया. एवढ्यासाठी कोणी पेट्या घेऊ नयेत! पण त्याच कोंडलेल्या मातीतून नत्र साध्या नायट्रोजनच्या रूपानेही उडून जातो. हवेतच 78 टक्के नायट्रोजन असल्याने ते नुकसान पेटीला दिसत नाही. म्हणून आकडा उसळला, की खत-पाण्याचा मेळ बसला नाही असं समजून तपास करायचा. शिवाय तो 1 टक्का जगाच्या सरासरीचा आहे. आपल्या काळ्या रानाचा हिशेब उद्या दुसऱ्या कोणी मांडायच्या आधी आपला आकडा आपल्याकडे हवा.

माझा आग्रह आहे तो जागेबद्दल. संच प्रात्यक्षिक प्लॉटवर नको. तिथे ठिबक, तोलून-मापून खत. आकडा देखणा येईल आणि कामाचा राहणार नाही. पाटपाण्याचा साधा खोडवा निवडावा, शेजारी ठिबकचा असला तर उत्तम. काही पेट्या सरीत, काही वरंब्यावर, एखादी खताच्या ओळीवरच. पाचट ठेवलेलं रानही त्यात हवं. पाचट जाळू नका असं आम्हीच सांगतो, आणि ते खरंच आहे. पण पाचटाखाली ओल टिकते. तिथे युरिया वरून फेकला तर वायू जास्त निघू शकतो. आमच्या सल्ल्याचीही तपासणी होऊ द्या.

उंदीर नळ्या कुरतडतात, सरीचं पाणी पेटीत शिरतं, लाइटीचं तर विचारूच नका. बॅटरी आणि रोज फेरी मारणारा एक माणूस, ही तरतूद खरेदीआधीच व्हावी. नाहीतर घेऊ नये.

दहा-वीस गुंठे खोडवा देऊ इच्छिणाऱ्यांनी गट ऑफिसात नाव द्यावं. अट एकच. पेट्या बसल्या म्हणून खत-पाणी जपून द्यायचं नाही, दरवर्षी देता तसंच द्यायचं.

– ऊस विकास अधिकारी