डोहाळजेवण आणि लाल गोळ्या

गेल्या महिन्यात धारवाडास एका स्नेह्यांच्या घरी सूनबाईंचे डोहाळजेवण होते. (इकडे राहून आपल्याही पुष्कळ घरांत त्यास 'कुबस' म्हणण्याची सवय जडली आहे.) हिरवी साडी, फुलांची वाडी, पुरणपोळी, कशाचीच उणीव नव्हती. उत्सवमूर्ती मात्र चार पायऱ्या चढून आली ती धापा टाकीत भिंतीला टेकली. सातवा महिना म्हणून सर्वांनी ते हसण्यावारी नेले. तिच्या तायी कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा होता 8, आणि आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्या फडताळात हळदीकुंकवाच्या डब्यामागे न फोडता पडून होत्या. गोळीने मूल काळे निपजते, शिवाय फार वाढून बाळंतपण अडते, असे शेजारच्या आजीबाईंचे मत पडले होते.

आम्ही वैद्य नव्हे; मराठीचे शिक्षक. परंतु या गोळीची कुळकथा मराठी माणसाने जाणण्यासारखी आहे. 1928 साली डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक तीव्र पांडुरोग होई. त्याचे मूळ रोगजंतूंत नसून निकस आहारात आहे, हे तिने ओळखले आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या करून 1931 साली ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल; 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढून त्याचे नामकरण झाले. आज लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहासोबत हेच द्रव्य असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. गर्भ आपल्यापुरते लोह आईच्या साठ्यातून उचलतो. तो साठाच रिता असेल तर प्रसूतीतील थोडाही रक्तस्राव जिवावर बेततो, मूल कमी वजनाचे निपजते. मेथी, राजगिरा, आळिवाचे लाडू अवश्य द्यावेत. पण पालेभाजीतील लोह अंगी फार थोडे लागते आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवणाऱ्या सुनेच्या वाट्यास भाजी तरी किती उरते?

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस, असा शिरस्ता आहे. आकडा 8 वर आल्यास एकीने भागत नाही. डॉक्टर दोन देतात, दिवस फार भरले असल्यास शिरेतून लोह देतात. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले तरी भिऊ नये. तो काळा रंग मुलाच्या कातडीस लागत नाही! लिंबू किंवा पेरू सोबत असावा. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांस मात्र त्या वेळी दूर ठेवावे.

पंगत उठल्यावर आम्ही यजमानीणबाईंना म्हटले, "वहिनी, ओटी भरलीत, पण गोळ्या फडताळात राहिल्या." त्या जराशा रुसल्या. "भावजी, आम्ही चार बाळंतपणे गोळीवाचून काढली," म्हणाल्या. त्यांपैकी दुसऱ्या खेपेस त्यांना रक्ताच्या बाटल्या द्याव्या लागल्या होत्या, हे त्यांच्या यजमानांनीच दबक्या आवाजात सांगितले. मग त्या बोलल्या नाहीत.

परवा कळले, सूनबाईंचा आकडा 9.2 झाला आहे. तिच्यासमोर कोणी पिऊ नये म्हणून वहिनींनी घरातील रात्रीचा चहाच बंद केला असून यजमानांची त्याबद्दलची तक्रार आमच्याकडे आली आहे.