पोटाच्या ओळखीची शिदोरी

पूर आला, भूकंप झाला, की दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रांत मदतीचे आकडे येऊ लागतात. इतके ट्रक रवाना झाले, इतकी हजार पाकिटे वाटली, इतके क्विंटल धान्य पोहोचले. उमेदीची सारी वर्षे बँकेत आकड्यांशी झटापट करण्यात गेल्यामुळे असे आकडे मी बारकाईने वाचतो, आणि दर वेळी एक गोष्ट खटकते. पाकीट हातात पडले की या हिशेबातले खाते बंद होते. ते ज्याच्या पोटात गेले त्याला पचले का, की त्याच रात्री त्याला छावणीतल्या एकुलत्या एक संडासापुढे रांगेत उभे राहावे लागले, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

या विषयावर सभ्य माणसे बोलत नाहीत. आमच्या मराठी साहित्यातही भुकेला मानाचे पान आहे. अपचन मात्र विनोदी लेखकांच्या वाट्याला गेलेले. पण आपत्तीत सापडलेल्या माणसाला पोट बिघडणे म्हणजे विनोद नसतो. आधीच पाण्याची टंचाई, त्यात जुलाब. म्हातारे माणूस असेल किंवा वर्षा-दोन वर्षांचे मूल असेल, तर पुरातून वाचलेला जीव कोरड्यावर जायचा. म्हणून माझे म्हणणे असे, की संकटकाळचे अन्न किती दिवस टिकते आणि किती कॅलरी देते एवढेच पाहून भागत नाही. ते पोटाच्या ओळखीचे हवे, आणि ते पचवायला लागणारे पाणी बरोबर हवे. या दोन्हींपैकी एक नसेल तर शिदोरी ही शिदोरी राहत नाही, दुखण्याचे निमंत्रण होते.

ओळखीचे म्हणजे काय, हे १९७२च्या दुष्काळाने माझ्या पिढीला शिकवले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, माती वाहत होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची. तीही ज्वारीचीच जात. पण सोलापूरकडच्या शाळूवर वाढलेल्या आमच्या पोटांना ती मानवेना. पोट फुगल्याच्या तक्रारी आमच्या आळीत घरोघर होत्या. त्याच कामांवर सुकडीही वाटली जाई. माझ्या आजीने ती पहिल्यांदा जिभेवर ठेवली आणि ‘ही तर आपली गूळपापडीच की’ असा निर्वाळा दिला. पीठ, गूळ, स्निग्ध पदार्थ. पाहुणी नव्हतीच ती, नात्यातलीच होती. ती मुलांनी मागून मागून खाल्ली. दोन्ही अन्नेच होती आणि दोन्हींनी माणसे जगवली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण एक पोटाने सोसले आणि दुसरे पोटाने स्वीकारले.

हा केवळ खेडवळ जिभेचा हट्ट नव्हे. इतिहासात याचा फार दारुण दाखला आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजांनी जर्मनीतली बर्गन-बेल्सन ही छळछावणी मुक्त केली. आत हाडांचे सापळे झालेली हजारो माणसे होती. सैनिकांनी कळवळून आपल्या जवळचे डबाबंद मांस, चरबीयुक्त जेवण त्यांना दिले. महिनोन् महिने उपाशी असलेल्या आतड्यांना ते झेपले नाही आणि सुटकेनंतर, अन्न मिळाल्यानंतर, माणसे मेली. मग डॉक्टरांनी ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’ आणवले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात ते उपयोगी पडले होते. पण बंगाल्यांना चाललेले ते गोड मिश्रण पूर्व युरोपातल्या त्या जिवांना घशाखाली उतरेना. शेवटी त्यात त्यांच्या सवयीची पापरिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, घातली तेव्हा ते जरा खाल्ले जाऊ लागले. मरणाच्या दारातही माणसाची जीभ आणि पोट आपला मुलूख विसरत नाही.

दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाल्ले, तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने पेशींमध्ये ओढले जातात आणि हृदय दगा देऊ शकते, हे पुढे वैद्यकाने नीट समजावून सांगितले. ढिगाऱ्याखालून किंवा वेढलेल्या वस्तीतून पाच-सात दिवसांनी बाहेर काढलेला, किंवा मुळातच खंगलेला माणूस दिसला, की त्याच्यापुढे पेढे-बर्फी धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याला डॉक्टरांच्या नजरेखालीच खायला घातले पाहिजे. एक-दोन दिवस उपाशी राहिलेल्याला तेवढा धोका नसतो, पण त्यालाही पंगत वाढायची नसते. आपल्या आया आजारी माणसाला पेज का देत, मऊ भात का देत, याचे उत्तर यात आहे. थोडे, पातळ आणि पुन्हा पुन्हा.

आता पाण्याचा भाग. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या घरी भूकंपासाठी भरून ठेवलेली पिशवी असते. तिच्यातल्या वड्या मी चवीसाठी खाऊन पाहिल्या. पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांची ती दाबून केलेली घट्ट वडी. तिखट नाही, मीठ जवळजवळ नाही, प्रथिनेही बेताचीच. हा कंजूषपणा मुद्दाम केलेला असतो. जहाजाच्या जीवरक्षक नौकेत ठेवायच्या शिध्याचे शास्त्र त्यामागे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा नौकेत माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे सुमारे २,४०० कॅलरी, इतके अन्न आणि तीन लिटर पाणी ठेवावे लागते. प्रथिने पचली की त्यांतून निघणारा युरिया लघवीवाटे टाकायला शरीराला पाणी खर्चावे लागते. मीठ जास्त झाले तरी तेच. जिथे पाणी मोजून मिळते, तिथे तहान वाढवणारे अन्न म्हणजे पाण्याची चोरीच.

आता आपण पूरग्रस्तांना काय पाठवतो ते आठवा. फरसाण, शेव, खारे शेंगदाणे, लोणच्याची पाकिटे, मसाल्याचे नूडल्स. खारट, तिखट, तळलेले आणि कोरडे. चार दिवस यावर काढायचे आणि पाणी मात्र बाटलीने मोजून प्यायचे. अशा वेळी एकतर पोट जळते, नाहीतर बद्धकोष्ठ होते. कोरडी बिस्किटे, कुरमुरे, सातूचे पीठ हे सगळे चांगले. पण ते भिजवून, कालवून, दर घासाबरोबर पाणी घेऊन खायचे असते. इसबगोल घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. भरपूर पाणी नसेल तर तेच आतड्यात अडकून बसते. पाणी कमी असेल तर अन्नही कमी खावे. भूक एक-दोन दिवस थांबते, तहान थांबत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. मी नुकताच निवृत्त होऊन सांगलीत राहायला आलो होतो आणि एका शाळेतल्या छावणीत वाटपाच्या याद्या करायला बसलो होतो. तिथे पाण्याच्या बाटल्यांचे खोके पडून होते, तरी बायका पाणी पीत नव्हत्या. एका आजींना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “पानी कमीच पिते बाबा. रातीचं जायाचं कुठं?” त्या शाळेत शेकडो माणसांना मिळून चार संडास, दिवे नाहीत, दारांना कड्या नाहीत. चौथ्या दिवशी त्या आजींचे पोट दगडासारखे झाले आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. म्हणून सांगतो, पचनाचा प्रश्न ताटापाशी सुरू होत नाही. बाईला रात्री निर्धास्त जाता येईल असा दिव्याचा, कडीचा संडास असेल, तर ती पाणी पिईल. पाणी प्यायली तर खाल्लेले पचेल. मदतीच्या यादीत बिस्किटांच्या आधी हे लिहिले पाहिजे.

जुलाब लागलेच तर काय करायचे, याचे उत्तर आपल्याच उपखंडातल्या एका छावणीने जगाला दिले. १९७१च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांकरवीच रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली ते वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ओआरएसची दहा पाकिटे घरात असणे ही त्यांना खरी आदरांजली. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून, मीठ जास्त झाले तर लहान मुलाला ते घातक ठरते. खाणे बंद करू नये. अंगावरच्या मुलाचे दूध तर मुळीच तोडू नये. जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना देऊ नये, आणि ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

घरच्या शिदोरीबद्दल थोडे. हल्ली वर्षानुवर्षे टिकणारी तयार पाकिटे विकत मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावीत, पण एखादा पूर्ण दिवस घरी त्यांवर काढून पाहावा. न मानवणारे अन्न कळायला पुराची वाट कशाला पाहायची? माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरात जवळजवळ सगळे आहेच. पोहे, कुरमुरे, ज्वारीच्या आणि राजगिऱ्याच्या लाह्या, मेतकूट, सातूचे पीठ, गूळ, भाजलेले दाणे, खारका. मधुमेह्यांनी गुळाऐवजी फुटाणे आणि आपल्या गोळ्या. यातले आपल्या रोजच्या खाण्यातले तेवढेच निवडावे. डाळी आणि फुटाण्यांची सवय नसेल तर त्या दिवसांत त्यांचा मारा करू नये, वायू धरतो. माणशी रोज अडीच ते तीन लिटर पाणी, तेही निदान तीन दिवसांचे. पुराचे पाणी तुरटीने निवळते, निर्जंतुक होत नाही. ते नंतर खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. आणि हा साठा मुदत ठेवीसारखा सांभाळावा. डब्यावर तारीख लिहावी, मुदत भरायच्या आत खाऊन टाकावा, नवा भरावा. म्हणजे माल खवट होत नाही आणि पोटाची ओळखही तुटत नाही.

मदत पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पहाटे केलेली पुरी-भाजी, मसालेभात ट्रकमधून संध्याकाळी छावणीत पोहोचतो, तेव्हा तो देणाऱ्याला दिसत नाही, एवढेच. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच राहिले तर त्यात जंतू वाढू लागतात. त्यापेक्षा तांदूळ, मूगडाळ, गॅसची शेगडी आणि मोठी पातेली पाठवावीत. छावणीतल्या बायका-पुरुषांनी मिळून खिचडी रांधावी. गरम खिचडी पचते, आणि हातांना काम मिळाले की मनही थोडे ताळ्यावर येते. दुधाची भुकटी आणि बाटल्या सरसकट वाटू नयेत. गढूळ पाण्यात कालवलेले ते दूध तान्ह्यांच्या जिवावर बेतते, आणि मोठेपणी दूध न पचणारी माणसेही आपल्याकडे पुष्कळ आहेत.

प्रशासनाकडे माझी मागणी लहानशी आहे. मदतीच्या नोंदवहीत पाकिटांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत: माणशी पाणी किती, संडास किती, आणि आज पोटाच्या तक्रारी घेऊन आलेली माणसे किती. तिसरा आकडा वाढू लागला की पहिल्या दोन रकान्यांत काय कमी पडले ते तपासता येईल. बँकेत आम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जात नसू. छावणीतल्या अधिकाऱ्यानेही हे तीन आकडे पाहिल्याशिवाय दिवस संपला असे समजू नये.