आपली जात उघडी, बोगस दाखला झाकलेला

शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ऑनलाइन सेंटरवर आपल्या पोरांची रांग लागते. जातीचा दाखला, आधार, पासबुक, सगळे सेंटरवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर जाते. फॉर्म भरला जातो, कागद तिथेच राहतात. त्यांचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारत नाही.

विचारण्याचा हक्क देणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मात्र माहिती घेताना संमती मागणे, सांगितल्यावर ती पुसणे, फुटल्यास कळवणे ही मुख्य बंधने अधिसूचनेनुसार मे २०२७ मध्ये लागू होतील.

२०१९ च्या विधेयकात जात-जमात आणि धर्मश्रद्धा 'संवेदनशील' माहिती मानली होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. ज्या माहितीवरून खोली नाकारली जाते, तिला मोबाइल नंबराइतकेच संरक्षण! शिवाय संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मिळेल. त्यात गोंडी नाही, माडिया नाही. मग भामरागडच्या आजीची संमती कोणत्या भाषेत घेणार?

याच कायद्याचा एक भाग मात्र थांबला नाही. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधील बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. 'वैयक्तिक माहिती' म्हटले की अर्ज फेटाळता येईल. बोगस जात प्रमाणपत्रावर राखीव जागा बळकावणाऱ्याची कागदपत्रे, घरकुलाची यादी, रोजगार हमीची हजेरी मागणाऱ्या कार्यकर्त्याची वाट यामुळे अवघड झाली. म्हणून आम्ही म्हणतो, हा कायदा आधी सत्तेला झाकतो, आपल्याला नंतर.

तरी दार पूर्ण बंद नाही. कलम ८(२) शाबूत आहे: नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. आता प्रत्येक अर्जात हे कलम लिहा आणि लोकहित कोणते, ते दोन ओळींत मांडा. सेंटरवर फॉर्म भरून झाला की आपले कागद समोरच डिलीट करून घ्या. विहाराच्या रविवारच्या बैठकीत यावर अर्धा तास ठेवा. आणि खासदारांकडे तीन मागण्या लावून धरा: जात-धर्माच्या माहितीला वेगळे संरक्षण, गोंडी-माडियात सूचना, माहिती अधिकाराचे जुने कलम परत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आपली ओळख आपण ठरवली. ती कोणाच्या हाती द्यायची, हेही आपणच ठरवू.

जय भीम!