थकबाकीदार म्हणजे संशयित नव्हे

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आयुध निर्माणी १९६४ची, तिथे काडतुसे तयार होतात. भुसावळची निर्माणी त्याहून जुनी, १९४९ची. रावेर-यावलकडच्या आयटीआय झालेल्या मुलाला तिथे नोकरी लागली की गावात पेढे वाटले जातात. त्याआधी त्याला साक्षांकन नमुना भरावा लागतो, पोलीस पडताळणी होते. जिथे दारूगोळा बनतो तिथे माणूस पारखूनच घ्यायला हवा, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो कसोटीचा.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतला १७वा नियम नित्याच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहायला सांगतो. परदेशी नागरिकाशी लग्न केले तर लगेच कळवा, असे २१वा बजावतो. कर्जात बुडालेला माणूस पैशाला बळी पडू शकतो आणि परकी सत्ता एखाद्याच्या परदेशातल्या नातलगाला वेठीस धरू शकते, ही त्यामागची भीती खोटी नाही. सीआयएत बसून सोव्हिएत संघाला आणि नंतर रशियाला गुपिते विकणारा, १९९४ मध्ये पकडला गेलेला आल्ड्रिच एम्स आधी कर्जानेच वाकला होता.

पण रावेरचे कर्ज कसे होते ते पाहा. केळी लावायची म्हणजे रोपे, ठिबक, खते यांत आधी पैसा ओतायचा आणि घडासाठी वर्षभर थांबायचे. मे-जूनच्या एका वादळात उभी बाग आडवी होते. कधी सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे रोपेच उपटून बांधावर टाकावी लागतात. मग मार्चअखेर विकास सोसायटीत कर्जाचे नवे-जुने करायचे, तेही जमले नाही तर थकबाकीत जायचे. सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागलेले असते, नाहीतर काकाच्या ट्रॅक्टरला तो जामीनदार असतो. चैनीसाठी त्याने रुपयाही उचललेला नसतो. तरीही सिबिलच्या कागदावर तो आणि क्रेडिट कार्डावर उधळपट्टी करणारा एकाच रांगेत उभे दिसतात.

बँकभरतीत हा कागद आता नोकरी घालवू शकतो. खराब सिबिलमुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. जाहिरातीत अट होती, बँकेत लोकांचा पैसा हाताळायचा असतो, हे मान्य. पण संरक्षण उद्योगात कर्जाकडे पाहताना वादळाने मोडलेली बाग आणि जुगारात उडवलेला पैसा यांत फरक करावाच लागेल.

अमेरिका तो करते. तिथल्या सुरक्षा परवान्याच्या १३ निकषांत कर्जही आहे आणि परदेशातली नातीही. मात्र आजारपण, गेलेली नोकरी, बुडालेला धंदा अशा हाताबाहेरच्या कारणाने कर्ज झाले आणि माणूस ते प्रामाणिकपणे फेडत असेल, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. इथून जाऊन तिथला नागरिक झालेल्या अभियंत्यासाठी असा परवाना मागितला गेला, तर त्याला गावाकडचे आईवडील, भावंडे, वाट्याची जमीन, सगळे लिहून द्यावे लागते. आई भारतात आहे एवढ्यावर तो आपोआप बाद होत नाही. नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि उमेदवाराला उत्तर देता येते.

आपल्याकडे २०१६च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याची माहिती दडवण्याच्या प्रकरणांतसुद्धा प्रकरण किती क्षुल्लक, पद कोणते, हे तोलायला सांगितले. कर्जाला आणि नात्यांनाही हाच न्याय हवा. शिवाय धोका दरवेळी कर्जातून किंवा नात्यातूनच येतो असे नाही. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचे शास्त्रज्ञ प्रदीप कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये पुण्यात अटक झाली. पाकिस्तानी हस्तकाने समाजमाध्यमावरून जवळीक साधून त्यांच्याकडून माहिती काढली, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. धोका मोबाइलमधून येत असेल, तर नजर तिथे हवी.

उमेदवारानेही काही लपवू नये. थकबाकी असेल तर सोसायटीचा दाखला, पंचनाम्याची प्रत, हप्त्यांच्या पावत्या जोडाव्यात. परदेशातला भाऊ, बहीण, जे नाते विचारले ते लिहावे. आणि सरकारने भरतीच्या जाहिरातीतच छापावे की कोणते कर्ज चालेल, कोणते नाही, आणि नकाराविरुद्ध दाद किती दिवसांत, कोणाकडे मागायची. रावेरच्या खासदार रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री आहेत. त्यांनी ही मागणी संरक्षण मंत्रालयाकडे लेखी न्यावी आणि मिळालेले उत्तर मतदारसंघात जाहीर करावे.